हातचा

ला प्लाताला जानेवारीत वीज गेली तेव्हा
फ्रीझरचा आकडा उणे ऐंशी होता.
मग उणे एकाहत्तर.
मग मी आकड्याकडे बघणं सोडून दिलं.

आत सदतीस गाभण माद्यांची अंडाशयं,
कापून, नंबर घालून, नळ्यांत बंद.
विस्काचा म्हणतात या जनावराला.
उंदराच्या कुळातलं, पण सशाहून दांडगं,
तोंडावर काळे-पांढरे पट्टे.
माळावर बिळं करतं, आणि बिळाच्या तोंडाशी
मिळेल ते आणून रचतं: हाडं, काटक्या, वाळकं शेण,
एकदा तर हिलारियोच्या जीपची चावी.
हिलारियोनंच धरल्या होत्या सगळ्या,
चार हिवाळे, रात्री बॅटरी मारून.

जनुकाचं असं असतं:
मूळ दस्त कचेरीच्या बाहेर येत नाही.
बाहेर येतो तो उतारा.
आणि उतारा उकाड्यात टिकत नाही.
अंडाशय त्या दिवशी काय बोलत होतं
याला दुसरा पुरावा नाही.

कोपऱ्यावर बेलिसारियोचं आइस्क्रीमचं दुकान.
त्याच्याकडे जनरेटर, त्याच्याकडे कोरडा बर्फ.
"कशाला हवाय?"
अंडाशयं आहेत, म्हटलं.
त्यानं हातातला चमचा खाली ठेवला.

मग सांगावंच लागलं, घाम पुसत, दारातच:
ही मादी एका खेपेला आठशे अंडी सोडते.
"आठशे?"
त्यातली दहा-बारा रुजतात.
जगतात दोन, दाराच्या सर्वांत जवळची.
"आणि बाकीची?"
आतच जिरतात.
तो काही बोलला नाही.
खोक्यात आणखी एक फावडं बर्फ घातला,
पैसे घेतले नाहीत.

मला खरं तर पुढचं सांगायचं होतं.
पोट भरलेलं असताना, दिवस निम्मे गेलेले असताना,
जेव्हा अंडाशयानं गप्प पडून राहायचं
तेव्हा हे पुन्हा जागं होतं.
मेंदूनं धाडायचा हुकूम स्वतःच लिहायला घेतं,
अंडं न सोडता
नवे पीतपिंड धरतं, पिवळे, टरारलेले,
दिवस भरेपर्यंत पुरावेत म्हणून.
पाच महिने म्हणजे उंदराच्या जातीला केवढा काळ!
शाळेत मी हातचा धरायला विसरायचे,
उत्तर चुकायचं, बाई वहीवर तांबडी रेघ ओढायच्या.
इथे वही नाही, बाई नाहीत,
वाटाण्याएवढा मांसाचा गोळा
अंधारात हातचा धरून बसलेला.

वीज पहाटे चारला आली.
नऊ, बावीस आणि तीस नंबर गेले.
बाकीच्यांचा आलेख मार्चमध्ये निघाला:
मधल्या महिन्यात रेघ उभी चढलेली,
पिपेट ठेवून सगळे नुसते बघत राहिलो.
बावीस त्याच महिन्यातली होती.
तिचं काय म्हणणं होतं, आता कळायचं नाही.

एप्रिलमध्ये दुकानावरून जाताना
बेलिसारियोनं हाक मारली.
"ती दोन पिल्लं? मोठी झाली असतील."

अंडाशय हातात यायचं तर
मादी जिवंत ठेवता येत नाही, बेलिसारियो.
तिची दोन्हीही नाही.
सदतीस वेळा, तारीख घालून, मीच नोंद केली आहे.

"बरी आहेत," म्हटलं.
त्यानं लिंबाचं आइस्क्रीम दिलं, दोन चमचे घालून.