सहावं भोक

हिलालआप्पा नोझल आणून देतात
जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून,
अंडं आणावं तसं.
आग्रा रोडला चाळीस वर्षं त्यांचं दुकान :
एक हातपंप, एक डायल, आणि कान.
दांडा दाबला की नोझल कुरकुरतं.
त्या कुरकुरीवरून ते सांगतात
गाडी लळिंगच्या घाटात धूर ओकेल की नाही.
मग समोर धरतात कालचा पेपर.
आठ भोकं, आठ डाग.
डाग सारखे फुलले तर पास.

माझ्याकडे पोलादी डबा आहे,
तळव्याएवढ्या क्वार्ट्‌झच्या काचा,
आत सहाशे अंशांची कोंडलेली हवा,
आणि सेकंदाला चाळीस हजार चित्रं काढणारा कॅमेरा,
ज्याच्या बिलाचा विषय विभागप्रमुख अजून काढतात.
फवारा सगळा मिळून तीन मिलिसेकंद.
तेवढ्यात पापणी
मिटायचं मनातही आणत नाही.

आधी नुसता उजेड टाकते.
थेंबांवर आपटून तो परत येतो :
काळ्यावर आठ पांढऱ्या काड्या.
वाढतात, वाढतात,
आणि एका जागी थांबतात.
मागून डिझेल येतंच असतं,
हद्द सरकत नाही.
अक्कलपाड्याचं पाणी सोडल्यावर
पांझरा वाळूत एका ठिकाणापर्यंत येते
आणि तिथेच संपत राहते,
वाहता वाहता.

टक्.
"एक भोक आंधळं शे," आप्पा म्हणाले,
चित्रं अजून लोड व्हायची होती.
झाली. मी मोजलं. सहावं.
काडी बाकीच्यांच्या निम्मी.

मी हद्दीवर बोट ठेवून सांगितलं,
इथवर थेंब, पुढे वाफ.
ती या उजेडात दिसत नाही.
आप्पा पडद्याच्या काळ्या भागाकडे बघत राहिले.
"कागदवर उमटत नई,
ते कोठे जास मंग?"
चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नसावं,
इतक्या हळू.

दुसरी मांडणी लावण्यात दुपार गेली.
दोन अंतर्गोल आरसे, मध्ये डबा,
टाचणीच्या टोकाएवढा दिवा,
आणि किरण जिथे एकवटतात तिथे पातं.
मूळचं मागच्या महिन्यात हरवलं,
हे दाढीचं, देवपुरातल्या टपरीवरचं.
सरळ आलेला किरण पातं अर्धा कापतं.
वाकलेला निसटतो, नाहीतर त्यावर मरतो.
चित्र होतं ते वाकण्याचं.

टक्.
काड्या जिथे संपल्या होत्या
तिथून पुढे गाठीगाठींचं, धूसर,
पार भिंतीपर्यंत गेलेलं काहीतरी.
सहाव्या भोकासमोरही.
कमी, पण होतं.
आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"बरं," म्हणाले. एवढंच.

मी वायरी गुंडाळत होते, दिवा तसाच चालू.
आप्पांनी आरशासमोर हात धरला,
पेपर धरतात तसा, जरा लांबून.
पडद्यावर काळा पंजा,
आणि बोटांवरून वर चढणारं
पातळ, वळवळतं काही.
वाफ नाही आप्पा, मी म्हटलं,
नुसती तापलेली हवा. तुमचीच.
एसी चालू म्हणून दिसतेय.
बाहेर त्रेचाळीस आहे,
तिथे हातच हवेपेक्षा गार ठरला असता,
धार खाली पडली असती.

ते ऐकत नव्हते.
उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराने कमी.
अठ्ठ्याऐंशी साली
फवाऱ्यासमोर कागदाच्या जागी बोट आलं.
सुईएवढं भोक, दुखलंसुद्धा नाही,
तिसऱ्या दिवशी पेर काळं.
सिव्हिलच्या डॉक्टरने विचारलं होतं,
एवढ्याशा भोकातून एवढं आत गेलंच कसं.

आता ते अख्ख्या बोटांकडे बघत नव्हते.
आखूड बोटावरूनही चढत होती.
बाकीच्यांसारखीच,
एक पेर खालून सुरू होऊन.

त्यांनी हात काढून घेतला.
हवा पडद्यावर थोडी हलत राहिली.
मी दिवा बंद केला.
नोझल परत बनियनच्या कापडात.
"सहावं साफ करी दिसू," दारातून म्हणाले,
"सोमवारले."