प्रॉम्प्टरची वही

वेंगुर्ल्याला, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
शाळेचा हॉल. पत्र्याचं छप्पर.
विंगेत, जनरेटरच्या वायरी ओलांडून, मी:
मांडीवर वही, काखेत बॅटरी.

मंजुळा गिरप सकाळी बांगडे विकते.
"घे गो, ताजो आसा, डोळे बघ तेचे."
रात्री ती कनकलेखा राणी होते
जिचा पती समुद्रात बुडाला
असं तिला दुसऱ्या अंकात कळतं.

बारा वर्षं मी तिला तिचे शब्द देतोय.
"हे निर्दया सागरा," मी कुजबुजतो.
"हे निर्दया सागरा," ती म्हणते,
आणि मागच्या बाकांवर पदर डोळ्यांना लागतात.
खरा सागर हॉलच्या मागेच असतो.
ओहोटीला नुसता वास येतो त्याचा,
भरतीला संवाद ओरडून म्हणावे लागतात.

मंगळसूत्र तुटण्याचा प्रवेश आहे.
खोटे मणी मीच ओवतो, कच्च्या दोऱ्यात,
आणि खरं ती मला देते, रुमालात बांधून.
शर्टाच्या खिशात, छातीशी,
ते तीन अंक माझ्याकडे असतं.

मंजुळेचा नवरा बुडालेला नाही.
वास्कोला आहे, ट्रॉलरवर तांडेल.
तिथे दुसरं बिऱ्हाड, दोन मुली.
चतुर्थीला येतो,
माटवी बांधतो, पंखा दुरुस्त करतो, जातो.

एकदा रंग पुसताना म्हणाली,
खोबरेलाचा बोळा गालावर तसाच धरून,
"दत्तारामा, राणयेचा बरा आसा रे.
तिचो घोव मेलो.
माका रडाक जागा खय आसा?"
मी वही चाळत राहिलो
जसं काही उत्तर पुढच्या पानावर असेल.

यंदा, जत्रेच्या प्रयोगाला,
तिसऱ्या अंकात तिने विषाचा पेला उचलला
(कोकमाचं आगळ, वर थोडं पाणी)
आणि खाली ठेवला.
मी ओळ दिली. परत दिली.
तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिली
की पहिल्या रांगेतलं एक पोर हसलं.

राजा आत आला. तो बुडालाच नव्हता,
नाटकात तसंच आहे,
फक्त राणी तोवर मेलेली असते.
सदा मोचेमाडकर, पतपेढीत कॅशियर,
प्रेतासाठी पाठ केलेलं वाक्य घेऊन
जिवंत बाईसमोर उभा.
"प्रिये, मला उशीर झाला का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं,
शेवटची एसटी चुकवून चालत आलेल्याकडे पाहावं तसं.
"होय," म्हणाली. "बस. जेवलंस?"

कुणी हसलं नाही.
मागे लाट फुटली, आणखी एक फुटली.
पडदा कुणी पाडला आठवत नाही,
दोरी माझ्याच हातात होती.

रंग न उतरवताच ती गेली,
राणीच्या शालूवर स्वेटर घालून.

सकाळी बाजारात होती.
एक भुवई अजून राणीची, वर चढलेली.
सहा बांगडे मोजले, एक जास्त टाकला.
रुमाल माझ्या खिशात होता, तिला दिसत होता.
मागितला नाही. मीही काढला नाही.
म्हटलं, "बुधवारी तालीम. सहाला."
तिने हात पाण्यात बुडवले, झटकले.
"भरती किती वाजता ता बघतंय,
मगे सांगतंय."