मंगळवारची लढत

मंगळवारी समुद्राला सुट्टी.
बुकोमची एकही होडी त्या दिवशी पाण्यात उतरत नाही,
पणजोबांच्याही आधी कुणीतरी दर्याला तसा शब्द दिलाय.
म्हणून मंगळवारी जाळी दुरुस्त होतात,
आणि जाळ्याची भोकं बुजवता बुजवता
मेलेली माणसं उठतात, मोजे चढवतात.

या कोपऱ्यात अडोटे सोवा, साल बावन्न,
अक्रात त्याने बूट घातलेले कुणी पाहिले नाहीत.
त्या कोपऱ्यात लार्ये बोर्टे, साल शहाऐंशी,
त्याच्या बुटांना झालरी होत्या.
सोवा म्हणजे माल्टच्या बाटलीचं बूच,
बोर्टे बिअरचं.
रिंगण म्हणजे सोंगट्यांचा पट, एका कोपऱ्यात जळालेला.
घंटा माझ्याकडे: जर्मनची थाळी, वाकडा चमचा.

आधी वजनावरूनच जुंपते.
टेको म्हणतो, सोवा चार पौंडांनी हलका.
ओदार्ते म्हणतो, अरे, तेव्हाचा काटा कोको तोलायचा,
त्यावर व्यापाऱ्याचा अंगठा कायम असायचा,
माणसाचं खरं वजन त्याला कधी कळलं?
मग मोजे: सहा औंसांचे की आठ?
मग फेऱ्या: पंधरा की बारा?
"पंधरा लावा. तेराव्या फेरीत बोर्टे जाईल कुठे?
ते गावच त्याने पाहिलेलं नाही."
"आणि तुझा सोवा? टीव्हीचे दिवे लागले
की ठोसा न खाताच आडवा!"
थाळी वाजते. बुचं सरकतात.
बोर्टेचा डावा हात, पुन्हा डावा, पुन्हा डावा,
दार ठोठावणाऱ्या सावकारासारखा;
सोवा खाली वाकतो, होडी लाटेखालून काढावी तसा,
आणि बरगडीत एकच देतो.
एकच, पण पाव्हणा म्हणून येऊन वस्तीला राहणारा.

हे सगळं नुमो ओकपोती ऐकत नाही.
उलट्या घमेल्यावर बसून तो सुईत दोरा ओवतो.
एकोणिसाव्या वर्षी, फेरीला सहा पेन्स घेऊन,
तो सोवाच्या सरावाला उभा राहायचा.
त्रेपन्नाव्या वर्षी त्याने बोर्टेसाठी पॅड धरले.
डावा कान सोवाने नेला,
उजव्या हाताची दोन बोटं बोर्टेने वाकवून ठेवली.
ही लढत कुठे झाली असेल तर
त्याच्याच अंगात.

म्हणून सहाव्या फेरीनंतर आम्ही दरवेळी
त्याच्या उजव्या कानात ओरडतो:
नुमो, कोण जिंकेल?
तो दोरा दाताने तोडतो.
"सोवा मारायचा तेव्हा मी उपाशी होतो.
बोर्टे मारायचा तेव्हा मी म्हातारा.
पोटभर जेवलेल्या, पंचविशीतल्या ओकपोतीला
कुणी मारलंच नाही.
कसं सांगू?"

सगळे हसतात. त्याला हसू येत नाही,
कारण त्याला जाळ्यात आणखी एक भोक सापडलंय.

सातवी फेरी आजवर पूर्ण झालेली नाही.
तेवढ्यात आमेर्लेचं टोपलं येतं,
मक्याच्या सालात बांधलेले केंकीचे गरम गोळे,
तळलेली मासळी, काळी तिखट शितो,
आणि पट तिला हवा असतो, टोपलं टेकायला.
बुचं खिशात जातात.
बोर्टेवर लावलेले माझे दोन सेडी
तीन वर्षं टेकोकडे अडकलेत.

काल रात्री होडीवर राखणीला होतो.
नुमो जाळ्याच्या ढिगावर झोपलेला, तोंड उघडं.
मध्येच त्याची हनुवटी छातीत शिरली,
डावा खांदा वर आला,
डोकं बोटभर बाजूला झालं,
आणि हवेतून काहीतरी निघून गेलं.
कुणाचा होता तो ठोसा, कळलं नाही.
मग ओठ हलले, मोजत असल्यासारखे,
आठ म्हणाला की नऊ.

थाळी माझ्या उशाशीच होती.
वाजवली नाही.
पहाटे बुधवार होता, भरती होती,
होडी ढकलायला त्याला उठवावंच लागलं.