जोत्याचा फोटो

पंचायतीच्या कोपऱ्यात एक पांढरी पेटी आहे, भिंतीला ठोकलेली.
शहापुराहून काचेची तार तिच्यात आली,
रस्त्याकडेने चर खणून, तीन उन्हाळ्यांपूर्वी.
नारळ फुटला, फोटो निघाला, खोबरं मीच वाटलं.
पेटीचा दिवा तेव्हापासून लाल.
आत कुंभारमाशीने घर केलंय.
तिला हप्ते लागले नाहीत.

मी संगणक परिचालक. मानधन चार महिने थकलेलं.
ते ज्या निधीतून निघतं त्याचे दोन भाग:
बंधित आणि अबंधित.
बंधितातून पाणी, गटार.
अबंधितातून सरपंचांच्या दारापर्यंत पेव्हर ब्लॉक,
आणि उरलं तर मी.
ग्रामसभेत म्हटलं, आधी पेटीचं वीजबिल भरा.
दामू भेरे म्हणाले, तारेनं काय पोट भरतं?
इतिवृत्तात मी लिहिलं: चर्चा झाली.

चांगुणा हिलमचं जोतं मार्गशीर्षात पुरं झालं.
चार कोपरे, मधे मुरूम,
पोरांनी नाचून नाचून दाबलेला.
पुढच्या हप्त्याचा नियम सोपा:
लाभार्थी जोत्यावर उभी, ॲपमधून फोटो,
जागेवरूनच वर पाठवायचा.
वाडीत रेंज नाही.
रेंज आहे टेपावर, गुरं बसतात त्या कातळावर,
तीही पश्चिमेला तोंड केलं तर.

आम्ही कातळावर गेलो. तिने घडीची साडी नेसलेली.
ॲप म्हणालं: आपण घरापासून चारशे बारा मीटर दूर आहात.
खाली आलो.
ॲप म्हणालं: कृपया नेटवर्क तपासा.
वर.
खाली.
तिसऱ्या खेपेला चांगुणा कातळावर टेकली,
पदराने मान पुसली,
"मंग घर हितंच बांधू का? इचार त्याला."
मी फोन पिशवीत ठेवला.

तिचा थोरला, काळुराम, तळोज्याला असतो.
सोडतीच्या घरांना फरशी बसवतो, चौदाव्या मजल्यावर.
तिथे रेंज म्हणे इतकी
की दार नसलेल्या खोलीत अख्खा पिक्चर अडकत नाही.
झोपतो खाली, पत्र्याच्या शेडमध्ये, अकरा जणांत.
गेल्या वर्षी त्यानेही अर्ज भरायला घेतला होता,
माझ्याच टेबलावरून.
अनामत कशीबशी जमली. पॅनकार्ड आलं.
शेवटच्या रात्री पान उघडेना.
बारा वाजेपर्यंत मी ते गोल फिरणारं चक्र बघत बसले,
तो दारात उभा, हातात माझ्यासाठी आणलेला वडापाव.
त्यावर तो मला कधी काही बोलला नाही.
म्हणून ते माझ्याकडेच राहिलं.

परवा चांगुणाने निरोप धाडला:
पहाटे तीनला जोत्यावर एक कांडी येती. धाकल्यानं पायली.
मी टॉर्च घेऊन गेले.
ती जागीच होती.
एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल, वर चहाचं टोपलं.
डबे ओळीने मांडलेले,
जिथे उद्या भिंत येईल त्या सुतळीला चिकटून.
उशाशी धाकटा झोपलेला, वर नुसतं आभाळ,
पण पाय सुतळीच्या आत.
मी सरळ तिच्याकडे निघाले.
"अगं, भिंतीतनं कुठं येतीस?"

थांबले.
वळसा घालून पुढच्या बाजूला गेले,
दोन विटांमधे हातभर मोकळी जागा होती,
तिथे तिने पिठाची रांगोळी ओढलेली, अंधारातच, थोडी वाकडी.
चपला काढल्या.

"उभी ऱ्हाऊ का बसू?"
नियमात उभी आहे, म्हटलं.
ती उभी राहिली. टोपल्यातला चहा उतू गेला,
तिने वाकून ते उतरवलं, पुन्हा उभी राहिली.
एक कांडी आली.
छत्तीस टक्के.
एकाहत्तर.
आम्ही दोघी फोनकडे बघत होतो,
मुरूम तळव्यांना गार लागत होता.