दहा का अकरा

आमचं साप्ताहिक गुरुवारी निघायचं,
खानापुरात, पिठाच्या गिरणीच्या मागं.
गिरणी चालू झाली की केसमधले खिळे थरथरायचे
आणि ओल्या शाईवर पांढरी भुकटी बसायची.
‘मलप्रभाकाठ’. चार पानं. खप सहाशे.
वाचणारे मोजले नाहीत कधी;
एकदा पारावर गेलेला अंक
घरी परत आल्याचं ऐकिवात नाही.

खिळे जुळवायला शिवलिंग हूगार,
पारिश्वाडहून सकाळच्या गाडीनं यायचा.
घरी कन्नड, देवाशी कन्नड,
मराठी त्याला फक्त उलटी वाचता यायची,
शिशातली, आरशात पडल्यासारखी.
छापून सरळ झालेली ओळ पुढं धरली
की मान हलवायचा,
“हे तुमचं, अक्का. माझं तिकडं, खिळ्यात.”

पहिल्या पानावर संपादक बिर्जे भाषेसाठी भांडायचे.
लोक आधी तिसरं उघडायचे.
तिथं सातेरी घाडीची हरवलेली म्हैस, कपाळावर चांद,
पाचवीचा मराठी वर्ग यंदा भरणार का,
आणि कचेरीच्या भिंतीवरच्या नोटिसा,
कन्नडातून मी उतरवलेल्या:
रॉकेल कधी, मोजणी कधी, कुणाचा सर्व्हे नंबर.
भाषेचं एवढंच काम होतं त्या पानावर.
एवढंच म्हणते,
पण त्यावर चार गावं बसने येत-जात होती.

त्या वर्षी जांबोटीच्या पल्याडच्या गायरानाची नोटीस आली,
झेरॉक्सची झेरॉक्स.
कन्नड एक म्हणजे खालून उघडं शून्य,
हे मला ठाऊक होतं.
शून्याचं बूड उडालंय, हे नव्हतं.
शिवलिंगनं चिमट्यात आकडा धरून विचारलं,
“दहा का अकरा?”
मी चहा पीत होते.
म्हटलं, अकरा. लाव.

अकराला बत्तीस माणसं कचेरीत पोचली,
हरकती लिहिलेल्या, अंगठे उठवलेले,
एकाच्या हातात आमचा अंक, घडी तिसऱ्या पानाची.
सुनावणी काल झाली होती.

ती माणसं माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.
येल्लूबाई गुरव म्हणाली,
“आमास्नी वाटलं, पेपरात हाय म्हंजे हायच.”

दुसऱ्या दिवशी शिवलिंग गाडीतून उतरला तो थेट कचेरीत.
काय बोलला ते मला शिपायाकडून कळलं:
आकडा माझ्या हातानं बसला, साहेब,
माझी भाषा, मलाच वाचता आली नाही.
साहेबांनी अर्ज आवक केला, शिक्का मारला.
गायरानाचं पुढं काय झालं ते लांबलचक आहे,
अजून चाललंय.
आम्ही पुढच्या गुरुवारी पहिल्या पानावर चूक छापली,
अग्रलेखाच्या जागी.
बिर्जे दोन दिवस बोलले नाहीत,
मग म्हणाले, बरं केलंत.
त्याच आठवड्यात आमच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं.
घासलेट आणून ती पुसली कुणी, सांगायला नको.
“मीही काढतो की हा पेपर,” एवढंच म्हणाला.

आता खिळे नाहीत. शिसं किलोवर गेलं.
कॉम्प्युटरवर दोन्ही लिप्या एका बटणाच्या अंतरावर.
परवा त्याची मुलगी आली, गिरिजा,
वडलांची बातमी घेऊन, कन्नडात लिहिलेली.
“तुमच्याच पेपरात द्यायची म्हणायचे.
मराठीत करून घ्याल?”

नाही केली.
पान एक, काळी चौकट, कन्नडात, जशीच्या तशी.
दोन वाचकांचे फोन आले, एक रागाचा,
दुसरा विचारत होता, शिवलिंग म्हणजे आपला तोच का.

प्रूफ मी तीनदा वाचलं.
बाराव्याची तारीख भिंगाखाली धरली,
शून्याचं बूड बोटानं चाचपलं,
आणि रिकाम्या केसकडं बघत मोठ्यानं विचारलं.
गिरणी चालू होती.
चहा तसाच गार झाला.