मुलताईवाली

वरूडच्या अलीकडे, टिनाच्या शेडमध्ये
मृग बहाराची संत्री पट्ट्यावरून घरंगळत येतात,
मेणाने चकचकीत, जरा बावरलेली.
माझ्याकडे लेबलांचं मशीन.
भोंडे म्हणाले, नमुन्याचे खोके सहा देशांत जायचेत,
ज्याच्या त्याच्या भाषेत नाव टाक,
अक्षर चुकलं तर पगारातून कापीन.

म्हणून मी शब्द आधी मोबाइलवर तपासते, मग छापते.
समोर मुलताईवाली डागी फळं बाजूला काढत बसलेली.
"काय म्हंतेत वं तिकडं याले?"

हॉलंडात सिनासआपेल.
"म्हंजे?"
चीनचं सफरचंद.
तिने हातातलं संत्रं उलटंपालटं करून पाहिलं.
"दोन्हीतलं एकबी दिसत नाही बाप्पा."

ग्रीसमध्ये पोर्तोकाली, रुमानियात पोर्तोकाला :
पोर्तुगालच्या गलबतांतून गोड फळ उतरलं
आणि लोकांनी खलाशांचा पत्ताच त्याला चिकटवला.
खुद्द पोर्तुगालात मात्र लारांजा.
स्पेनमध्ये नारांखा, हंगेरीत नारान्च.
हा तर आपलाच नारंग,
इराण्यांच्या, अरबांच्या पडशीतून गेलेला.
आपला तरी कशावरून?
दक्षिणेकडून आला म्हणतात,
त्याच्याही मागे कोणी असेल.

इटलीत पोचेपर्यंत पुढचा न गळाला,
शेजारच्या शब्दाने ओढून घेतला, अरांचा उरलं.
फ्रान्समध्ये कुणाला त्यात सोनं दिसलं,
तिथल्या सोन्याचा ओर पुढे लागला.

ती हसली. "माहाबी नि असाच पडला.
बापानं ठेवलं निरंजना,
रेशनच्या बाबूनं लिवलं रंजना.
नि त्याच्या पेनातच राह्यला."

सोळा वर्षं ओळखते मी तिला.
नाव आज कळलं.

डबे उघडले तेव्हा मी उरलेली गंमत सांगितली :
आपलं संत्रंसुद्धा म्हणे सिंत्रा नावाच्या
पोर्तुगालातल्या एका गावावरून.
खरंखोटं कोशवाले जाणोत.
नारंग आपण बाहेर धाडलं
आणि घरात परगावचं नाव आणून बसवलं.
आपल्याकडे राहिला नुसता रंग, नारिंगी,
साड्यांच्या दुकानात विचारायला.

भाकरीचा तुकडा तिच्या हातातच थांबला.
"इथं मले मुलताईवाली म्हंतेत.
मुलताईले गेली का भावजया म्हंतेत, वरूडवाली आली.
जिथं असतो तिथलं नाव कोणी लावतच नाही का वं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून माहिती दिली.
मुलताई म्हणजे मूळतापी,
तापी निघते ते गाव, बोलून बोलून झिजलं.
"मले काय सांगतं," ती म्हणाली,
"तिथं नदी नाहीच. तळं हाये.
पाव्हणे येतेत, विचारतेत, नदी कुठं हाये?
आमी तळं दाखवतो. त्याइले पटत नाही."

शेडच्या मागे बाबाराव
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरत होता,
पट्टी गुंडाळून, तोंडात चाकू धरून.
खालून पाणी ओढणार जंबेरी,
नाव लागणार संत्र्याचं.
तीन हजार रोपं बांधली त्याने या हंगामात,
त्याचं त्याला काही वाटत नाही.

चारच्या सुमारास लाइन गेली, पाचला आली.
मशीन पुन्हा गुणगुणायला लागलं तशी ती जवळ आली
आणि भोंडेंच्या केबिनकडे पाहत हळूच म्हणाली,
"एक लेबल माह्या नावाचं काढ. नि सकट."

काढलं. दोन बोटं रुंद, काळ्या अक्षरांत.
तिने ते पदराला पुसून पाहिलं, शाई टिकते का.
मग पट्ट्यावरचं एक फळ निवडलं,
बिनडागी, देठाशी हिरवी पानं असलेलं,
त्यावर लेबल दाबून बसवलं आणि विचारलं,
"न शाबूत हाये तो देश कोणता म्हणाली तू?"

हंगेरीचा खोका तिनेच बंद केला.
चिकटपट्टी दोनदा फिरवली.
भोंडेंना कळलं तर पगार माझा कापतील.