तक्रारीचा रकाना

कन्नमवार नगरात, जिन्याच्या पोटात माझं दुकान.
दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं.
पावतीपुस्तकात रकाने चार:
नाव, मॉडेल, तक्रार, ॲडव्हान्स.

भिजलेला फोन लोक तांदळात खुपसून आणतात.
तिने रुमालात आणला, मेलेली चिमणी आणावी तसा.
सातवीतली असेल. गुडघ्याला ग्राउंडची माती.
"पाण्यात पडला?"
"हो. बादलीत."
मग काउंटरवर नखाने रेघ ओढत,
"काका, आईला सांगाल, हा होत नाही म्हणून?"

अठरा वर्षं हात जोडतायत लोक, कसंही करून चालू करा,
लग्नाचे फोटो आहेत, वारलेल्या बापाचा आवाज आहे.
बंदच राहू दे म्हणणारी ही पहिली.

रात्री शटर अर्धं ओढून बोर्ड सुकवला, स्पिरिट मारलं.
हट्टी निघाला. उठला.
उठल्या उठल्या थरथरायला लागला, थांबेचना,
एकामागून एक, त्रेचाळीस.
मी लोकांचं वाचत नाही. पण वरचं वाचायला
उघडावं लागत नाही:
झोपलीस? नवा फोटो पाठव, नाहीतर जुने आईला जातील.
नाव बिट्टू दादा. चित्रात कार्टूनचं अस्वल.
गेममध्ये फुकट हिरे वाटणारा दादा.

बाहेर पोरं लपाछपी खेळत होती.
कुणीतरी ओरडलं, टाइमप्लीज!
अंगठा जिभेला लावला, खेळ थांबला,
चपलेचा पट्टा नीट केला, पुन्हा सुरू.
एवढा सोपा कायदा, प्रत्येक पोराला पाठ.

पंतनगरच्या एका गच्चीवर, टाकीमागच्या सावलीत,
मांजा गुंडाळून देणारे पेडणेकरमामा असायचे,
सगळ्या बिल्डिंगचे लाडके.
मीही तेव्हा अंगठा जिभेला लावला होता.
त्या खेळात ते चालत नाही.

दुपारी आई आली, मसाल्याच्या कारखान्यातून, नखांत हळद.
जेवढं वाचलं तेवढंच सांगितलं, त्याच शब्दांत.
तिचा हात आधी पोरीवर उठला.
उठणार हे ठाऊक होतं, म्हणून मध्ये स्टूल ठेवलं होतं.
"का बोललीस त्याच्याशी?"
"ताई, जाब त्याला विचारायचाय.
हिला एवढंच विचारा, जेवलीस का."
नव्हती जेवली. कालपासून.

पोर म्हणाली, सगळं पुसून टाका ना काका.
नाही बाळा, एक अक्षर नाही पुसायचं.
घाण त्याची आहे. पुरावा आपला.

दुकान बंद करून तिघं चालत चौकीवर गेलो.
साध्या साडीतल्या इन्स्पेक्टर बाईंनी
पहिली खुर्ची पोरीला दिली, मग आईला.
मी उभाच होतो. बरं वाटलं.
बिट्टू दादा सापडेल की नाही, कुणी शपथ घेऊन सांगितलं नाही.

संध्याकाळी पावती पुरी करायला घेतली.
'पाण्यात पडला' खोडलं. 'पाण्यात टाकला' लिहिलं.
तेही खोडलं.
पान उलटलं.
नाव: श्रीरंग आंब्रे.
वयाचा रकाना नाही, तरी कडेला लिहिलं, नऊ.
मॉडेल: रेघ.
तक्रार:

"ओ शेठ, जुन्या पिनचा चार्जर आहे का?"
आहे रे. दोन मिनिटं थांब.
टाइमप्लीज.